न कापलेली किंकाळी

"मावशी, आवाज मोठा आहे हं, दचकू नका," असं म्हणून ऋजुतानं बटण दाबलं आणि आम्हा दोघींच्या हेडफोनमधून माझीच किंकाळी माझ्या कानात घुसली. तरुणपणची.

मी दचकले नाही. तीच दचकली. इतक्यांदा ऐकूनही पोरीच्या अंगावर काटा आला होता. हात पुढं करून तिनं मला तो दाखवलासुद्धा.

"बघा ना! कशी काढलीत हो तुम्ही?"

"काढली नाही बाई, निघाली," मी म्हटलं.

पुण्यातला स्टुडिओ. आत गारठा असा की मी पदर कानावरून घेऊन बसले होते. ऋजुता दाबके तिथली सगळी कर्तीधर्ती. माझं पोर असतं तर तेवढंच असतं. तिच्या कंपनीनं 'तिवाठा' डीव्हीडीवर काढायचं ठरवलं होतं, आणि सिनेमाबरोबर आमच्या गप्पाही घालायच्या होत्या. त्यासाठी मला कोल्हापुराहून बोलावलं होतं. आप्पा दुपारी यायचे होते.

आप्पा म्हणजे भास्कर इंगवले, 'तिवाठा'चे दिग्दर्शक. सिनेमाची सगळी लाइन त्यांना आप्पाच म्हणायची. बाळंतपणात मेलेली बाई तीन वाटा मिळतात त्या तिवाठ्यावर उभी राहून गावातली पोरं मागते, अशी आमची गोष्ट. बाई मी. सेन्सॉरवाल्यांनी बघितला आणि म्हणाले, हे चालायचं नाही, निदान शेवट तरी कापा. आप्पा म्हणाले, "एक फ्रेम कापू देणार नाही." मग बंदीच आली. थेटरात कधी लागलाच नाही. पण कुठून तरी कॅसेट बाहेर फुटली आणि लोकांनी भाड्यानं व्हीसीआर आणून, दारं लावून तो बघितला. चित्रात मुंग्या यायच्या तरी बघितला. आप्पांचं ते वाक्य तर पोरं शर्टावर छापून हिंडायला लागली.

आणि दुसरं एक पसरलं. सिनेमा शापित आहे म्हणे. नटीनं शूटिंगला खरा उतारा ओलांडला, आणि त्याच दुपारी तिचं पोर गेलं.

ते पोर माझं. दिगू. चार वर्षांचा होता.

उतारा म्हणजे काय ते आमच्याकडं शेंबडं पोरही सांगेल. आजारी माणसावरून भात, लिंबू, गुलाल ओवाळून तिवाठ्यावर नेऊन ठेवायचं. आजार तिथं राहतो आणि जो ओलांडील त्याच्या घरी जातो. त्या दिवशी पन्हाळ्याच्या पायथ्याला शूटिंग होतं. आमच्या माणसानं मांडलेला उतारा आप्पांना नाटकातला वाटला. रस्त्याच्या कडेला गावातल्या कुणीतरी ठेवलेला खराच पडला होता. आप्पांनी तोच सरकवून मधे घेतला. मी म्हटलं, "आप्पा, हा कुणाचा तरी खराय हो." ते म्हणाले, "म्हणूनच. ओलांड."

दिगू तेव्हा तापानं फणफणला होता, गडहिंग्लजकडं सासरी. नवरा दिनकर आणि सासूबाई त्याच्याजवळ. मी रजा मागितली होती. आप्पा म्हणाले होते, आजचे एवढे शॉट दे आणि जा.

मी ओलांडलं. पाय पलीकडं टेकतोय तोच कॅमेऱ्यामागून आप्पा ओरडले, "कुमुद, तुझा दिगू गेला!"

तीच ही किंकाळी. पुढं डबिंगला कितीदा प्रयत्न केला, तशी परत आली नाही. म्हणून आप्पांनी सिनेमात जागेवरचीच ठेवली.

शॉट संपल्यावर आप्पा हसत आले, माझ्या पाठीवर थोपटलं. "खोटं गं, खोटं! येडी का काय! बघ कसली निघाली!" आप्पांची ही रीतच होती. खोटं सांगून माणसाकडून खरं काढायचं. एका म्हाताऱ्या नटाला त्यांनी घर जळालं म्हणून सांगून रडवलं होतं. मी त्यांच्या छातीवर दोन गुद्दे मारले, हसले, रडले, चहा प्याले. उरलेले शॉट दिले. अगदी मन लावून दिले.

संध्याकाळी दिनकर आला. म्हणाला, "दिगू गेला. दुपारी. माती देऊनच आलोय. तू हिकडं उतारा ओलांडलास आणि तिकडं त्यानं मान टाकली. तूच खाल्लंस माझं पोर." मला घरात घेतलं नाही. वर्षाच्या आत दुसरी केली.

मी भांडले नाही. भांडायचं कुणाशी? ओलांडलं होतंच की मी. सख्ख्या बहिणीच्या नातवाच्या बारशाला गेले तर दारातच उभी राहिले. ती 'ये की गं आत' म्हणाली, आणि म्हणता म्हणता पाळण्यातलं पोर तिनं उचलून पोटाशी घेतलं. तिला वाटलं मला दिसलं नाही. त्यानंतर मी कुणाचं पोर हातात घेतलं नाही. घराजवळच्या तिवाठ्यावरून जायचं सोडलं. दुधाला जायचं तर लांबच्या गल्लीतून वळसा घालायची.

हे सगळं ऋजुताला ठाऊक होतं. सगळ्या महाराष्ट्रालाच ठाऊक होतं. आप्पांनी मुलाखतीमागून मुलाखतीत सांगितलं होतं. मला वाईट वाटायचं नाही. आप्पांनीच तर पुढं छोटी-मोठी कामं दिली, म्हणून चूल पेटली. भेटले की मी पाया पडायची.

"मावशी," ऋजुता म्हणाली, "या टेपवर किंकाळीच्या आधीचंही आहे. मी काल ऐकलं. तुम्हाला ऐकवायचं की नाही, मला रात्रभर कळेना."

"आधीचं काय असणार? शॉटच्या आधीचं का कोण टेपवर घेतं?"

तिनं मला सांगितलं. शूटिंगच्या जागी एक कामचलाऊ आवाज टेपवर घेतात, पुढं डबिंगला ओठ जुळवायला. आमचा रेकॉर्डिस्ट आळशी होता. यंत्र सुरू करायचा आणि विडी ओढायला जायचा. माइक कॅमेऱ्याच्या पायालाच बांधलेला, तो कुणाच्या लक्षातही नसायचा. एरवी असल्या टेपा पुसून परत वापरतात, पण या किंकाळीपायी ही राहिली होती. रेकॉर्डिस्ट वारल्यावर त्याच्या मुलीनं माळ्यावरून काढून दिली.

"लाव," मी म्हटलं.

आधी खरखर. कुणीतरी खुर्ची ओढली. मग बंडोपंताचा आवाज. बंडोपंत आमचा प्रॉडक्शन मॅनेजर, तोही गेला आता.

"आप्पा, कुमुदच्या घरून माणूस आलाय. तिचं पोरगं गेलं. पहाटे."

"हळू बोल की गाढवा. तिला कळलंय?"

"नाही. गाडी काढू का? सोडू या तिला."

"आत्ता सोडली तर परत उभी राहील का ती? आणि हा असला उजेड उद्या मिळणार आहे? आधी शॉट. त्या माणसाला म्हणावं, जेवून घे."

मग जरा वेळ नुसताच वारा. आणि लांबून मी: "आप्पा, हा कुणाचा तरी खराय हो."

ऋजुतानं टेप थांबवली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी म्हटलं, "परत लाव. ते 'पहाटे' म्हणाला ना, तेवढंच लाव."

तिनं लावलं. मी परत लावायला सांगितलं. पहाटे. पहाटे. पहाटे.

खरं सांगते, आधी मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? दिगू पहाटे गेला होता. मी ओलांडलं ते जेवणाच्या वेळेला. माझ्या पायानं काही झालं नव्हतं. ही एवढीशी गोष्ट कळायला मी म्हातारी झाले. मी ऋजुताचा हात धरला आणि हसत सुटले, ती बिचारी घाबरलीच. मग हसणं थांबलं. हा मुडदा, माझं पोर मेलेलं माहीत असताना, मला चहा पाजत होता.

"मी काढून टाकते ते सगळं," ऋजुता म्हणाली. "तुमच्या परवानगीशिवाय काहीच जाणार नाही. करारातच आहे तसं."

"हात लावू नको त्याला. आप्पा आले की आधी गप्पा करू. तू मात्र गप्प राहायचं. मी 'लाव' म्हटलं की लावायचं."

आप्पा आले ते काठी टेकत, शाल पांघरून. चांगलेच थकले होते, पण डोळे तसेच लबाड. मी पाया पडले. का पडले? सवयीनं, दुसरं काय. ते म्हणाले, "कुमुद, वाळलीस गं." मी म्हटलं, "तुम्ही आहात की भरल्या अंगाचे."

समोर पडद्यावर सिनेमा सुरू झाला. आम्ही दोघं माइकपुढं. बघत बघत बोलायचं होतं. आप्पा रंगात आले. कुठला दिवा कुठं लावला, धूर कशाचा केला, सगळं सांगत होते. मग तो तिवाठा आला.

"आप्पा, सांगा की त्या दिवसाचं," मी म्हटलं.

"काय सांगू?" आप्पांनी आवाज खाली आणला. त्यांना ते छान जमायचं. "दुपारचं ऊन. हिनं इकडं पाऊल टाकलं, आणि तिकडं कोसांवर त्या लेकरानं प्राण सोडला. त्याच क्षणी."

"त्याच क्षणी, आप्पा?"

"त्याच क्षणी. मी देवधर्म न मानणारा माणूस. पण त्या दिवशी मी हात जोडले."

"तुम्हाला केव्हा हो कळलं?"

"संध्याकाळी. तुझ्याबरोबरच की. ढसाढसा रडलो मी. तुला आठवतंय ना?"

"आठवतंय तर. माझ्यापेक्षा जास्त रडलात. आणि आधी कळलं असतं तर सोडलं असतंत का हो मला?"

"हे काय विचारणं झालं? शूटिंग खड्ड्यात घातलं असतं, स्वतः गाडी चालवत तुला नेलं असतं. सिनेमा काय गं, पोरापेक्षा मोठा असतो का?"

"लाव गं ऋजुता," मी म्हटलं.

खरखर सुरू झाली. खुर्ची ओढली. बंडोपंत बोलला. आप्पांनी आधी मान वर केली, ओळखीचा आवाज आल्यासारखी. मग त्यांचा स्वतःचा आवाज आला. काठी हातातून निसटून पडली, ती त्यांनी उचलली नाही. किंकाळी झाली, 'खोटं गं, खोटं' झालं, आणि टेप संपली.

आप्पांनी ऋजुताकडं बघितलं. "हे कुठं मिळालं?" मग, "हे सिनेमात घालणार नाही ना?" आणि मग अगदी बारीक आवाजात, "पोरी, हे काप. हे आणि मी आत्ता बोललो तेही."

"आप्पासाहेब, कव्हरवर 'न कापलेली प्रत' छापलंय," ती म्हणाली.

"मी म्हणतो काप!"

"ते मावशींनी सांगायचं."

आप्पांनी तिला जरा बाहेर जायला सांगितलं. मी मान हलवली तशी ती गेली. आप्पा माझ्याकडं वळले, हात जोडले. एवढा मोठा माणूस, माझ्यापुढं हात जोडून.

"कुमुद, माझं काय उरलंय आता? पुढच्या महिन्यात सत्कार आहे. मरताना थुंकायला लावू नकोस लोकांना."

"पंचवीस वर्षं लोक माझ्यावर थुंकले, आप्पा."

"मी एकटाच नव्हतो गं! सगळं माझ्याच माथी मारू नकोस. घरून माणूस आला होता म्हणाला ना बंडू? कोण माणूस, विचारलंस? दिनकर होता. तुझा नवरा."

मी खुर्ची त्यांच्याकडं वळवली.

"त्याला मी म्हटलं, शॉट उरकून घेतो, मग सांग तिला. तो म्हणाला, घ्या की, आता सांगून पोरगं परत येणाराय का? सकाळीच माती उरकून आला होता, संध्याकाळपर्यंत सावलीत बसून होता, जीपमागं. तू दिसायचीस त्याला."

"जेवला?"

"काय?"

"जेवून घे म्हणालात ना. जेवला का तो?"

आप्पांनी खाली बघितलं. "जेवला. पंगतीत बसला. आमटी मागून घेतली." मग घाईघाईनं म्हणाले, "आणि दुपारचं सांगायचं हे त्याचंच डोकं. पहाटे म्हटलं तर ती तुम्हाला विचारील, निरोप का दाबला. दुपार सांगतो, म्हणाला. उताऱ्याचं नंतर त्याचं त्यानं जोडलं. त्याची दुसरी ठरलेलीच होती. मला काय माहीत, तो तुला घराबाहेर काढील?"

"माहीत झाल्यावर?"

"झाल्यावर काय... तोवर ती गोष्ट लोकांत गेली होती, कुमुद. शापित म्हणून तर कॅसेट हातोहात जात होती. ती गोष्ट नसती तर हा सिनेमा कुणी बघितला असता? तुला कुणी ओळखलं असतं?"

मी उठले, काठी उचलली आणि त्यांच्या हातात दिली. दार उघडून ऋजुताला हाक मारली.

"सगळं घालायचं," मी म्हटलं. "आधी आप्पांचं बोलणं, मग टेप, आणि तू बाहेर गेल्यावर चालू माइकपुढं ते दिनकरचं बोलले तेही. एक फ्रेम कापायची नाही."

आप्पा रडायला लागले. ह्या वेळी खरे रडत होते. मला काहीसुद्धा वाटलं नाही, उलट बरं वाटलं. कोल्हापूरच्या गाडीत बसले आणि घाट उतरताना डोळा लागला. किती वर्षांनी गाडीत झोपले.

डीव्हीडी निघाली. मी वाट बघत होते. लोक आप्पांच्या दारावर जातील, दिनकरला गावात तोंड दाखवता येणार नाही. बहीण येईल, म्हणेल, कुमे, चुकलं गं आमचं. मला तेवढंच पाहिजे होतं. माझ्या पायानं पोर गेलं नाही, हे माणसांनी माझ्या तोंडावर म्हणावं.

सत्कार रविवारी सकाळी होता, कोल्हापुरातच. मला बोलावणं आलं तेव्हा वाटलं, सत्कार कसला, आता आप्पांचे धिंडवडे बघायला मिळणार. नवं लुगडं नेसून गेले. हॉल खचाखच भरला होता. पुण्या-मुंबईची पोरं काळे शर्ट घालून आलेली, आणि शर्टावर माझं वासलेलं तोंड. आप्पा चाकाच्या खुर्चीत, खाली मान घालून. त्यांचा चेहरा उतरलेला बघून मला गोड वाटलं.

पडद्यावर ती टेप लावली. खाली अक्षरं उमटत होती. 'तिचं पोरगं गेलं. पहाटे.' हॉल चिडीचूप. 'आधी शॉट,' आप्पा म्हणाले.

आणि टाळ्या पडल्या. शिट्ट्या पडल्या. पोरं उठून उभी राहिली. सूत्रसंचालक माइकवर म्हणाला, "कलेसाठी काळीज दगडाचं करावं लागतं, रसिकहो!" परत टाळ्या. आप्पांनी मान वर केली. त्यांना आधी कळेचना. मग कळलं. त्यांनी हात जोडले, डोळे पुसले, आणि माझ्याकडं बघून हसले. त्या दिवशी पाठ थोपटताना हसले होते, अगदी तसेच.

मलाही वर बोलावून शाल घातली. माइक हातात दिला. मी म्हटलं, "अहो, माझं पोर पहाटेच गेलं होतं. मी ओलांडायच्या आधी. ऐकलंत ना तुम्ही?"

टाळ्या वाजल्या. मागून कुणीतरी ओरडलं, "मावशी, एकदा ती किंकाळी होऊन जाऊ द्या!" सगळा हॉल ओरडायला लागला, किंकाळी, किंकाळी. मी माइक ठेवला आणि खाली उतरले.

बहीण दारापाशी भेटली. म्हणाली, "छान झाला गं कार्यक्रम." तिच्याबरोबर तिची धाकटी सून होती, कडेवर तान्हं घेऊन. मी हात पुढं केले. सून हसली आणि म्हणाली, "झोपेला आलंय हो ते," आणि पदर त्याच्या तोंडावर ओढला. दिनकरचं म्हणाल तर त्याच्या पोरानं हॉटेल काढलंय हायवेला. तिथं भिंतीवर 'तिवाठा'चं पोस्टर लावलंय. लोक म्हाताऱ्याबरोबर फोटो काढतात म्हणे.

दुसऱ्या दिवशी अमावास्येची सकाळ होती. दुधाला निघाले ती वळसा घालून गेले नाही, सरळ तिवाठ्यावरून गेले. उतारा होताच. पत्रावळीवर दहीभात, गुलाल, वर टाचणी टोचलेलं चांगलं रसरशीत लिंबू. मी ओलांडला. मागं फिरले आणि परत ओलांडला. समोरची बाई अंगण झाडत होती, ती झाडू टाकून आत पळाली. मी खाली वाकले आणि लिंबू उचललं.

घरी येऊन गुलाल धुतला, टाचणी काढून टाकली. पोहे केले, त्यावर ते लिंबू पिळलं आणि खाल्ले. मग दारात बसून दिवसभर वाट बघितली. काही झालं नाही. व्हायला माझ्या घरात होतं कोण?